मीटरभर दोरा

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला रीडिंग ‘कुक’ न केलेला प्राणी आमच्या होस्टेलमध्ये तरी मला अजून भेटलेला नाही. सोडियमची वेव्हलेंथ ५८९३ अँगस्ट्रॉम यायलाच हवी, मग काय, उत्तरावरून उलटं गणित करायचं आणि जर्नल भरायचं! मीही त्यातलाच. म्हणूनच मार्सेल द्युशाँबद्दल वाचलं तेव्हा आधी हसू आलं, आणि मग जरा खजील झालो.

द्युशाँचा जन्म १८८७ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा. वडील नोटरी, पण चार भावंडं कलेत पडली. १९१२ मध्ये त्याने जिना उतरणाऱ्या नग्न आकृतीचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात दिलं. आयोजकांना ते खटकलं आणि निरोप आणला त्याच्या सख्ख्या भावांनी! हा वाद न घालता चित्र घेऊन घरी आला. पुढच्या वर्षी त्याच चित्राने न्यूयॉर्कमध्ये धुमाकूळ घातला, आणि हा पठ्ठ्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये लायब्ररीत नोकरीला लागला.

याच सुमारास त्याने हाताच्या सफाईऐवजी योगायोगाला कामाला लावलं. टोपीत सुरांच्या चिठ्ठ्या टाकून, एकेक काढून, स्वतःसाठी आणि दोन बहिणींसाठी गाणं रचलं. आणि मग तो दोरा!

तेव्हा जगाचा मीटर म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे जपलेली प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी. द्युशाँने काय केलं? एक मीटर लांबीचा दोरा आडवा धरून एक मीटर उंचीवरून निळ्या कॅनव्हासवर सोडला. असं तीनदा. दोरा जसा वाकडा पडला तसाच चिकटवला आणि त्या वळणांच्या लाकडी पट्ट्या कापल्या. झाले तीन नवे मीटर! १९१३-१४ चं हे काम. ज्याला आपण एरर म्हणून खोडतो, त्याचंच त्याने माप केलं.

त्या वळणांच्या रेषा त्याने पुढे काचेवरच्या मोठ्या चित्रातही वापरल्या. काही भोकं कुठे पाडायची हेही त्याने खेळण्यातल्या तोफेतून रंगात बुडवलेल्या काड्या उडवून ठरवलं. १९१५ ते १९२३ एवढं खपून काम अर्धवट सोडलं. ब्रुकलिनच्या प्रदर्शनातून परत येताना काचांना तडे गेले. १९३६ मध्ये त्याने आठवडेच्या आठवडे बसून तुकडे जोडले, पण तडे तसेच ठेवले. उलट ते त्याला आवडले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९९ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं, की त्या दोऱ्यांची टोकं सुईने कॅनव्हासच्या मागे ओवून घेतलेली आहेत. म्हणजे ते नुसते पडलेले दोरे नाहीत. थोडक्यात, साहेबांनीही रीडिंग कुक केलं! गंमत केली की फसवणूक, यावर अजून वाद आहे. १९६८ मध्ये तो वारला, त्यामुळे व्हायवा घ्यायची सोय नाही.

त्याच्याशेजारी मला फ्रान्स्वा मोरेले ठेवावासा वाटतो. १९६० मध्ये त्याने टेलिफोन डिरेक्टरी उघडली. सम आकड्याला एक रंग, विषमला दुसरा, असे ४०,००० चौकोन! नियम आधी ठरवायचा आणि मग जे येईल ते मान्य करायचं. आपल्या रँडम नंबरचाच हा भाऊ.

द्युशाँ मला या दोन्ही गोष्टींसाठी आवडतो. तडे स्वीकारणारा तोच, आणि मागून टाका घालणारा बहुधा तोच. आपणही तसेच नाही का? योगायोग आवडतो, पण आपल्याला हवा तसा पडला तरच.

मागच्या आठवड्यात न्यूटन्स रिंग्जमध्ये माझं उत्तर ६११० आलं. पार्टनरने डोळे वटारले. तरी तेच लिहिलं, खाली एरर ३.७ टक्के. सरांनी सही केली, वर एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्हही मी खोडलेलं नाही.