श्रीमंत यशवंतराव होळकर आणि महेश्वरची स्वारी

होळकर घराण्याचे नाव निघाले की प्रथम आठवतात त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी. काशीविश्वेश्वर, घृष्णेश्वर अशा कित्येक देवालयांचा त्यांनी जीर्णोद्धार केला. नर्मदाकाठचे महेश्वर ही त्यांची राजधानी. परिक्रमेस गेलेल्या भाविकांनी तेथील घाट आणि वर उभा असलेला किल्ला पाहिलाच असेल. सन १७९५ मध्ये मातोश्रींनी तेथेच देह ठेवला, आणि पुढे अवघ्या तीन वर्षांत त्याच महेश्वरावर होळकरांच्याच पुत्राला चालून जावे लागले. ते वीरपुरुष म्हणजे श्रीमंत यशवंतराव होळकर.

यशवंतरावांचा जन्म सन १७७६ मध्ये वाफगाव येथे झाला. सुभेदार तुकोजीरावांच्या चार पुत्रांपैकी काशीराव व मल्हारराव हे लग्नाच्या पत्नीचे, म्हणून वारसा त्यांचा. विठोजी व यशवंतराव यांना तो हक्क नव्हता. ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात सुभेदार निवर्तले आणि भाऊबंदकीचा वणवा पेटला. काशीरावांनी दौलतराव शिंद्यांचा आश्रय धरला. १४ सप्टेंबर रोजी शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांच्या तळावर छापा घातला, त्यात मल्हारराव ठार झाले. यशवंतराव निसटून नागपुरास गेले, तर तेथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तेथूनही ते निसटले! धारच्या पवारांकडे काही काळ आसरा मिळाला. पदरी ना मुलूख, ना खजिना. भिल्ल, पठाण, पगार थकलेले शिपाई असे जे भेटतील ते जमवीत त्यांनी जथा उभा केला. होळकरांचे नाव आणि पुढे मिळणाऱ्या लुटीची आशा, एवढेच भांडवल.

इकडे काशीरावांच्या बाजूने दुद्रेनेक हा फ्रेंच सरदार कवायती पलटणी व तोफा घेऊन उभा होता. अशा फौजेशी या विस्कळीत जथ्याने टक्कर घेणे म्हणजे वेडे साहसच. परंतु डिसेंबर १७९८ मध्ये यशवंतरावांनी दुद्रेनेकचा पराभव केला आणि महेश्वर काबीज केले. ज्या वाड्यात अहिल्यादेवींनी न्यायनिवाडे केले, तो वाडा घरच्याच माणसाने शस्त्राच्या बळावर घेतला. मात्र यशवंतरावांनी दौलत स्वतःच्या नावे न चालविता मारल्या गेलेल्या मल्हाररावांचे तान्हे पुत्र खंडेराव यांच्या नावे चालविली. पुढे खुद्द दुद्रेनेकही त्यांच्या चाकरीत आला.

येथून त्यांचे नशीब उघडले, पण भांडण काही मिटले नाही. एप्रिल १८०१ मध्ये बंधू विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. त्याच वर्षी उज्जैनने होळकरांच्या फौजेचा आणि इंदूरने शिंद्यांच्या फौजेचा मार सोसला. दोन्ही नगरे आपलीच! २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरनजीक यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. बाजीराव वसईस पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला.

सन १८०४ मध्ये यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळले, परंतु तेव्हा शिंदे व भोसले आधीच हरून बसले होते. एकट्याने किती लढावे? सन १८०५ च्या अखेरीस त्यांनाही तह करावा लागला. त्यानंतर भानपुऱ्यास त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि रात्रंदिवस त्यात लक्ष घातले. त्यातच बुद्धिभ्रंश होऊन २८ ऑक्टोबर १८११ रोजी ते तेथेच निवर्तले. वय पस्तिशीच्याही आत. त्यांची छत्री भानपुऱ्यास आहे.