तुकोबांचा आधार

पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेस इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव वसले आहे. आज देहूपासून चाकणपर्यंत जागोजागी कारखाने उभे आहेत. चारशे वर्षांपूर्वी मात्र हा सारा मुलूख शेतीवाडीचा आणि अगदी शांत होता. त्या काळी देहूतील एका वाण्याच्या घरी तुकारामांचा जन्म झाला. त्यांचे जन्मवर्ष सामान्यतः इ. स. १६०८ मानले जाते.

घराणे सुखवस्तू होते. गावची महाजनकी, शेती, दुकान आणि सावकारी असा मोठा पसारा होता. विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. थोरले बंधू सावजी यांचे चित्त प्रपंचात रमत नसे. त्यामुळे व्यापाराचा भार लहान वयातच तुकोबांच्या शिरावर आला. तो त्यांनी चोखपणे सांभाळला.

परंतु लवकरच दिवस फिरले. वडील बोल्होबा आणि माता कनकाई एकामागून एक निवर्तले. भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. तोच इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, गुरांना वैरण नाही, अशी अवस्था झाली. तुकोबांचा व्यापार बुडाला आणि दिवाळे निघाले. दमेकरी पत्नी रखुमाई अन्नान्न करीत गेली. पाठोपाठ लहानगा संतूही गेला. ज्या घरातून कालपर्यंत गावाला धान्य मिळत असे, त्याच घरात आता मूठभर दाणा उरला नव्हता.

दुःखाने पोळलेले तुकोबा चाकणजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. तेथील गुहेच्या एकांतात त्यांनी अन्नपाण्याची पर्वा न करता विठ्ठलाचे चिंतन आरंभले. पंधरा दिवसांनी धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत तेथे पोहोचले, असे परंपरा सांगते. तोवर तुकोबांच्या मनाला निश्चय सापडला होता. संपत्ती, सगेसोयरे, मानमरातब हे सारे आधार जाणारे आहेत. न जाणारा आधार एकच आहे, हे त्यांना उमगले होते.

एवढे उमगल्यावर ते डोंगरावरच राहिले नाहीत, ते घरी परतले. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी बाहेर काढली. निम्मी कान्होबांना त्यांचा वाटा म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने पिचलेली किती कुटुंबे त्या दिवशी ऋणमुक्त झाली असतील! नंतर त्यांनी पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ स्वतः खपून नीट केले. संतांची वचने पाठ केली आणि कीर्तनात प्रथम नुसते मागे उभे राहून धृपद धरले. जिजाई ही द्वितीय पत्नी, मुलेबाळे आणि घरची ओढाताण हे सर्व होतेच. त्यातच त्यांच्या मुखातून अभंग प्रकट होऊ लागले.

पण खरी कसोटी पुढेच होती. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांना, एका शूद्राने वेदांचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगावा, हे मानवले नाही. त्यांच्या आज्ञेवरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. कर्जाची खते त्यांनी आनंदाने बुडविली होती. वह्या बुडविताना मात्र त्यांचे काळीज तुटले. ते नदीकाठी शिळेवर तेरा दिवस निराहार पडून राहिले. या काळात त्यांनी देवाशी भांडण मांडले, त्याला जाब विचारला. परंतु त्याचे दार सोडून ते उठले नाहीत. रागावलेले मूल आईलाच बिलगते, तशी ही श्रद्धा होती. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या तरंगून आल्या, असे भाविक मानतात. पुढे खुद्द रामेश्वरभट्टच तुकोबांचे शिष्य झाले.

इ. स. १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांनी इहलोकीचा निरोप घेतला. ते सदेह वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यांचे साडेचार हजारांच्या आसपास अभंग आज गाथेत आहेत. त्यांचे पुत्र नारायणबुवा यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. आजही ज्येष्ठ महिन्यात ती पालखी देहूहून निघून आकुर्डी, पिंपरीवरून पंढरीस जाते. तेव्हा रस्त्याच्या कडेला कामगार हात जोडून उभे राहतात.

देवाने तुकोबांवरील एकही संकट टाळले नाही. दुष्काळ आला, माणसे गेली, वह्याही बुडाल्या. तरीही प्रत्येक वेळी ते पुन्हा उभे राहिले आणि घरातील व गावातील आपल्या कामाला लागले. कोणीतरी आपल्याला अखंड सांभाळीत आहे, हा विश्वास त्यांच्या ठायी होता, आणि तेच त्यांचे बळ होते. असे बळ एका दिवसात येत नाही. देवळाची भिंत जशी त्यांनी दगडावर दगड ठेवून उभारली, तसेच हे बळही त्यांनी नित्य नामस्मरणाने आणि सेवेने थोडे थोडे मिळविले होते.