सोळा फुटी फळीचा स्वार

होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अब्नर पाकी नावाच्या हवाईयन सरदाराच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या जतन केलेल्या आहेत. १८५५ साली निवर्तलेला हा पाकी सहा फुटांहून उंच आणि सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. त्याच्या फळ्या पाहिल्या की प्रथम त्यांची लांबी डोळ्यांत भरते आणि मग त्यांची जाडी. ‘ओलो’ जातीची ही फळी सरदारांचा मान समजली जाई. सामान्य प्रजा वापरत असलेली ‘अलाइआ’ त्या मानाने आखूड आणि पातळ असे. भारी देहाला पाण्यावर तोलून धरण्यासाठी फळीत काय काय असावे लागते, याचे ज्ञान हवाईच्या सुतारांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकांवाचून अवगत होते.

याच पाकीची कन्या राजकुमारी बर्नीस पौआही. १८६९ मध्ये ब्रिटिश राजपुत्र आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरो, हवाईच्या भेटीस आला असताना तिने एका नवजात बालकाचे नाव हौसेने ‘ड्यूक’ ठेवले. त्या बालकाने पुढे आपल्या थोरल्या मुलाला तेच नाव दिले. ड्यूक ही पदवी नव्हे, नाव आहे, असा खुलासा त्या मुलाला, ड्यूक कहानामोकूला, जगभर जन्मभर करावा लागला असणार.

त्याचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलूत झाला. तो जेमतेम अडीच वर्षांचा असताना, १८९३ मध्ये, हवाईची राणी पदच्युत झाली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. परकीयांनी आणलेल्या रोगांच्या साथींत मूळ लोकसंख्येची भयानक हानी झाली होती. धर्मोपदेशकांनी लाटांवरचा हा खेळ आळशांचा आणि निर्लज्जांचा ठरवला होता. वायकीकीच्या किनाऱ्यावर ड्यूक लहानाचा मोठा होत होता तेव्हा तो खेळ मूठभर लोकांनीच धरून ठेवला होता आणि ओलो फळ्या तर पाण्यातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या.

ऐन तारुण्यात ड्यूकची उंची सहा फूट एक इंच आणि वजन सुमारे १९० पौंड, म्हणजे ८६ किलो होते. हाताचे पंजे आणि पावले विलक्षण मोठी. अशा माणसाने बेताच्या फळीवर पोट टेकले की फळी पाण्यात खोल बसते. हातांनी कितीही वल्हवले तरी पाण्याचा अवरोध इतका होतो की लाटेचा वेग गाठता येत नाही आणि लाट खालून निसटून जाते. फळी उमदी करायची तर लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींतून वाट काढावी लागते. लांबी वाढवली की वेग मिळतो, पण वळण जड होते. रुंदी वाढवली की तोल सावरतो, पण हात पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत. जाडीने तरंगण्याची शक्ती वाढते. मात्र ती कडेपर्यंत तशीच ठेवली तर लाटेच्या भिंतीत कड रुतत नाही. म्हणून छातीखाली भरीवपणा ठेवून कडा उतरत्या करतात. आजचे कारागीर हा सारा हिशेब लिटरमध्ये मांडतात आणि फोमचा ठोकळा त्याप्रमाणे तासतात. ड्यूकच्या काळी हाताशी होते लाकूड, रंधा आणि नजर. त्यात अखंड लाकडाची फळी आपली तरंगण्याची बरीचशी ताकद स्वतःचेच वजन पेलण्यात खर्च करते, ही अडचण निराळीच.

ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलू बंदराच्या खाऱ्या पाण्यात त्याने शंभर यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत पोहून काढले. प्रचलित विक्रमापेक्षा ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. मुख्य भूमीवरील अमेरिकन क्रीडाधुरिणांनी कालमापनावर शंका घेऊन तो विक्रम नाकारला. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवून त्याने उत्तर दिले. १९२० मध्ये अँटवर्पला त्याने आणखी दोन सुवर्णपदके मिळवली. १९२४ मध्ये पॅरिसला मात्र जॉनी वाइसमुलर पुढे गेला. ड्यूकला रौप्य आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम याला कांस्यपदक मिळाले. या पदकांनी ड्यूकचे नाव झाले, पैसा मात्र फारसा आला नाही. हौशी खेळाडूंचे त्या काळचे नियम कमाईच्या आड येत.

पोहण्याच्या निमित्ताने जिथे गेला तिथे त्याने लाटा पाहिल्या. १९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा बरोबर फळी नव्हती. मग त्याने सिडनीत शुगर पाइनचे लाकूड मिळवून स्वतःच फळी घडवली. सुमारे साडेआठ फुटांची ही फळी त्याच्या देहाच्या मानाने आखूडच म्हणायची, पण चांगली जाड होती. फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर त्याने तिच्यावरून प्रात्यक्षिके दाखवली आणि इझाबेल लेथम या स्थानिक मुलीला पुढे उभे करून दोघांचा भार एकाच लाटेवर वाहून दाखवला. जाताना ती फळी त्याने तिथेच एका तरुणाला देऊन टाकली. आज ती फ्रेशवॉटरच्याच जीवरक्षक क्लबात आहे.

परंतु मोठ्या फळीची खरी कसोटी लागली ती १४ जून १९२५ रोजी. ड्यूक तेव्हा हॉलिवूडमध्ये किरकोळ भूमिका करत असे आणि सवड मिळाली की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मित्रांसह मुक्काम टाकी. त्या सकाळी न्यूपोर्टच्या बंदरमुखाशी समुद्र खवळलेला होता. ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची नौका एका प्रचंड लाटेखाली उलटली आणि २९ माणसे पाण्यात फेकली गेली. ड्यूक फळी घेऊन फेसात शिरला. बुडणाऱ्याला फळीवर ओढायचे, किनाऱ्याला लावायचे आणि पुन्हा मागे फिरायचे, असे त्याने अनेकदा केले. एकूण बारा जण वाचले, त्यांतले आठ एकट्या ड्यूकने आणलेले. सतरा जण मात्र गेले. नुसता पोहणारा, मग तो ऑलिंपिक विजेता का असेना, त्या लाटांतून एका वेळी एखाद्याला ओढून आणताना थकून गेला असता. भारी स्वाराला पेलणाऱ्या फळीत आणखी एका माणसापुरती शिल्लक होती आणि त्या दिवशी ती कामी आली. पुढे कॅलिफोर्नियातील जीवरक्षकांनी फळीला आपल्या साधनांत स्थान दिले, त्यामागे या घटनेची मोठी प्रेरणा होती.

टॉम ब्लेक हा अमेरिकन तरुण १९२० साली डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात ड्यूकला भेटला आणि त्याच्यामुळेच या खेळाकडे ओढला गेला. त्याने पुढे बिशप संग्रहालयातील पाकीच्या फळ्यांची डागडुजी केली, त्यांच्या प्रतिकृती केल्या आणि आतून पोकळ फळीची कल्पना पक्की केली. लाकडाचा भार कमी करून तरंगण्याची शक्ती राखण्याचा तो मार्ग होता. ड्यूकनेही १९३० च्या सुमारास ओलोच्या धर्तीवर कोआ लाकडाची फळी केली. लांबी सोळा फूट, वजन ११४ पौंड, म्हणजे जवळजवळ ५२ किलो! तिच्या तळाला सुकाणूचा पंख नव्हता. तो ब्लेकनेच १९३५ मध्ये आणला. असली फळी झटकन वळवणे शक्यच नव्हते. इतरांच्या कितीतरी आधी, लाट अजून फुटायचीही असताना तिच्यावर स्वार व्हायचे आणि लांबवर सरळ तिरकस रेषेत निघून जायचे, ही त्या फळीची चाल. वायकीकीच्या संथ, लांबलचक लाटांना ती शोभणारी होती.

किनाऱ्यावरील आयुष्य तितके सुरळीत नव्हते. कातडीच्या रंगावरून मुख्य भूमीवर त्याचे अपमान झाले. उपजीविकेसाठी त्याने पेट्रोलपंप चालवला. १९३० च्या दशकात तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि १९६१ पर्यंत, तब्बल तेरा वेळा, मतदारांनी त्याला त्या पदावर ठेवले. नंतर पाहुण्यांच्या स्वागताचे काम त्याच्याकडे आले. जगभरच्या प्रतिष्ठितांना पुष्पहार घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गाठीला फारसे काही नव्हते, हे हवाईच्या पर्यटन व्यवसायाला फारसे भूषणावह नाही.

२२ जानेवारी १९६८ रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात फळ्या झपाट्याने आखूड होत होत्या. दहा फुटांच्या आठ झाल्या, आठाच्या सात. चपळ, हलक्या पोरांचा तो काळ होता. वजनदार स्वारांना लांब फळीचे कारागीर शोधत हिंडावे लागले. पुढे लांब फळीही परतली.

वायकीकीच्या समुद्रात त्याची रक्षा विसर्जित झाली. १९९० मध्ये तिथेच त्याचा कांस्य पुतळा उभा राहिला. पाठीमागे उंच फळी, दोन्ही हात स्वागतासाठी पसरलेले आणि तोंड रस्त्याकडे. पुतळ्याच्या हातांत आजही रोज ताज्या फुलांचे हार पडतात. बेटावरच्या जुन्या मंडळींची तक्रार मात्र कायम आहे, की ड्यूकने समुद्राकडे कधी पाठ केली नसती.