नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्‍नागिरी जिल्हा, मृत्यू : ९ मे १९१९, मुंबई) हे आधुनिक मराठी काव्याच्या आरंभकाळातील एक प्रमुख कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते ओळखले जातात. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने तापट होते. आई जानकीबाई यांना काव्याची आवड होती. आईच्या मृत्यूनंतर टिळक घर सोडून नाशिकला आले. तेथे त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. टिळकांनी अनेक ठिकाणी नोकऱ्या केल्या, परंतु ते कोठेही फार काळ स्थिरावले नाहीत. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले आणि ‘ऋषी’ हे मासिक चालविले.

धर्मांतर

जातिभेद व कर्मकांड यांविषयी टिळकांच्या मनात असमाधान होते. सर्व माणसांना समान लेखणारा नवा धर्म स्थापन करावा, असाही विचार त्यांनी केला होता. याच काळात राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी भेट झाली. त्याने टिळकांना ‘नवा करार’ वाचण्यास दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. पुढे सुमारे दोन वर्षे त्यांनी वाचन व चिंतन केले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून बाप्तिस्मा व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो विधी केला.

उपहास व कौटुंबिक वियोग

संस्कृतज्ञ ब्राह्मण कवीने ख्रिस्ती व्हावे, ही त्या काळी खळबळजनक घटना होती. टिळकांना सामाजिक बहिष्कार, निंदा व उपहास सोसावा लागला. सर्वांत मोठा आघात कौटुंबिक होता. लक्ष्मीबाई मुलगा दत्तू याला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. या काळात त्यांचे काही दिवस पंढरपूर येथे गेले. पतिपत्नींचा हा वियोग जवळजवळ पाच वर्षे टिकला. टिळकांनी पत्नीशी नाते तोडले नाही आणि दुसरा विवाहही केला नाही. लक्ष्मीबाई परत आल्यावर त्यांनी तिच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. सोवळेओवळे पाळण्याची तिला पूर्ण मोकळीक दिली. पुढे लक्ष्मीबाईंचे विचार आपोआप पालटले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरित माणूस देशाला व संस्कृतीला परका होतो, हा त्या काळचा रूढ आक्षेप होता. टिळकांनी वादविवादापेक्षा आपल्या जीवनक्रमातून त्याला उत्तर दिले. त्यांनी मराठी भाषा, देशभक्ती व संतपरंपरा यांपैकी काहीही सोडले नाही. तुकारामांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचविले, अशी त्यांची भावना होती. परकीय वळणाच्या उपासनेऐवजी अभंग, ओवी, भजन व कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. त्यांचे हे देशी वळण काही मिशनऱ्यांना रुचत नव्हते. त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंची टीका सहन करावी लागली.

कार्य व साहित्य

टिळकांच्या कार्याचे प्रमुख केंद्र अहमदनगर होते. तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत ते अध्यापन करीत. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचेही त्यांनी संपादन केले. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना त्यांनी आपल्या घरी मुलाप्रमाणे वागविले.

धर्मांतरानंतरही मराठी वाचकांनी त्यांच्या कवितेला दूर लोटले नाही. निसर्ग, मुले व गृहजीवन हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय होत. घायाळ झालेल्या पक्षिणीवरील ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ आणि ‘अभंगांजली’ या त्यांच्या अन्य उल्लेखनीय रचना होत. त्यांची अनेक भक्तिगीते मराठी चर्चमधून आजही गायिली जातात. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. ज्या भेदांमुळे स्वतःचे घर दुभंगले होते, त्या भेदांपलीकडचा बंधुभाव निर्माण करण्याचा हा त्यांचा अखेरचा प्रयत्न होता. तो आकारास येत असतानाच ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.