झाडापाशी करवत नेणारा अभियंता

पावसाळ्यात मुंबई-पुण्यात रस्त्यावर झाड कोसळले की अग्निशमन दलाची गाडी येते आणि पाठोपाठ एक कर्कश घरघर सुरू होते. पाहता पाहता खोडाचे ओंडके होतात, रस्ता मोकळा होतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरील झाडे आडवी केली, तेव्हाही अडलेले रस्ते खुले करताना याच यंत्राची मदत झाली. साखळी करवत, म्हणजेच ‘चेन सॉ’, आज एकटा माणूस सहज पेलतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती उचलायला दोन माणसे लागत. हे ओझे हलके करण्यात ज्यांचे अवघे आयुष्य गेले, त्यांत जर्मन अभियंता आंद्रेआस श्टील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

श्टील यांचा जन्म १० नोव्हेंबर १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. पुढे आयझेनाख येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९२६ मध्ये स्टुटगार्ट येथे स्वतःचा व्यवसाय सुरू केला. कामानिमित्त त्यांचा लाकूडकापणीच्या गिरण्यांशी संबंध आला. अवजड खोडे जंगलातून गिरणीपर्यंत ओढून आणताना मजुरांची होणारी दमछाक त्यांनी पाहिली. झाड करवतीकडे आणण्याऐवजी करवतच झाडाकडे का नेऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला आणि त्याच वर्षी विजेवर चालणारी त्यांची पहिली साखळी करवत तयार झाली.

ही करवत ४८ किलो वजनाची होती आणि ती चालवायला दोन माणसे लागत. शिवाय जंगलात वीज कोठून आणणार? त्यावर तोडगा म्हणून १९२९ मध्ये त्यांनी पेट्रोलवर चालणारी करवत आणली. तिची शक्ती सहा अश्वशक्ती आणि वजन ४६ किलो होते. या शोधाचे श्रेय त्यांना एकट्यालाच देता येणार नाही. जर्मनीतच १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंजियातील डोलमार पर्वतावर आपल्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली होती. मात्र एका यंत्रावर समाधान न मानता त्यातील दोष वर्षानुवर्षे दूर करत राहण्याची चिकाटी हे श्टील यांचे वेगळेपण होय. १९३० च्या दशकात त्यांच्या करवती सोव्हिएत रशिया आणि उत्तर अमेरिकेपर्यंत पोहोचल्या.

त्यांच्या चरित्रातील काळे पान मात्र झाकता येत नाही. श्टील हे नाझी पक्षाचे आणि ‘एसएस’ या संघटनेचे सदस्य होते. त्यांच्या करवती जर्मन सैन्यानेही वापरल्या. युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले आणि उत्पादन वाइब्लिंगेनजवळील नॉयश्टाट येथे हलवावे लागले. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. मजुरांचे श्रम कमी करणारा हा अभियंता माणुसकीला पायदळी तुडवणाऱ्या राजवटीसोबत उभा होता. त्यांच्या कर्तृत्वाचे मोल करताना हे विसरून चालणार नाही.

सुटकेनंतर त्यांनी कारखाना पुन्हा उभा केला. १९५० मध्ये एकट्या माणसाला चालवता येईल अशी १६ किलोंची करवत त्यांनी बाजारात आणली. १९५४ मध्ये हे वजन ११ किलोंवर आले. दरम्यान, अमेरिकेत करवतीच्या साखळीतच क्रांती घडली होती. जुन्या साखळीचे दात हातकरवतीसारखे होते. ते लवकर बोथट होत आणि त्यांना वरचेवर कानस मारावी लागे. १९४६ मध्ये ओरेगॉनच्या जंगलात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. तिचे वक्र जबडे लाकडाच्या रेषांना आडवे आणि उभे सारख्याच सहजतेने चालत होते. त्या जबड्यांचा आकार त्यांनी पोलादी दातांना दिला आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथून अशा साखळ्यांची विक्री सुरू केली. आजच्या बहुतेक साखळ्या याच कल्पनेवर आधारलेल्या आहेत.

१९५९ मध्ये आलेल्या ‘कोंट्रा’ या करवतीने श्टील यांचे नाव जगभर झाले. तिच्यात गिअर नव्हते. इंजिनाची गती थेट साखळीला मिळे. सहा अश्वशक्ती आणि वजन अवघे १२ किलो! म्हणजे १९२९ इतकीच ताकद, पण वजन जवळपास चौथ्या हिश्शावर. १४ जानेवारी १९७३ रोजी श्टील यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीने स्वित्झर्लंडमधील विल येथे साखळ्यांचे उत्पादन सुरू केले.

करवतीइतकेच साखळीलाही महत्त्व द्यावे लागते, हा या इतिहासाचा धडा जुनी करवत घेणाऱ्यांना आजही उपयोगी पडावा. भाड्याने देऊन झालेल्या करवती अनेकदा स्वस्तात मिळतात, पण त्या अनेक हातांतून गेलेल्या असतात. अशी करवत घेताना नाममुद्रेवर विसंबू नये. सायलेन्सर काढून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का, ते पाहावे. साखळी फिरवणाऱ्या चक्राचे दात आणि पट्टीची खाच झिजली आहे का, तेही तपासावे. साखळीचा ब्रेक चालत नसेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत करवत वापरू नये.

नवी साखळी घेताना पिच, गेज आणि खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. हे आकडे बहुधा पट्टीच्या मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, मऊ लाकूड वेगाने कापतो, पण मातीचा स्पर्श होताच बोथट होतो. रस्त्यावर पडलेल्या, धूळ-मातीने माखलेल्या झाडासाठी गोलसर कोपऱ्याचा दात अधिक टिकतो. साखळीला धार असेल, तर करवतीतून लाकडाचे कपचे उडतात. बारीक भुसा पडू लागला की ती बोथट झाली असे समजावे. मग करवत दाबून चालवावी लागते आणि यंत्राने हलके केलेले श्रम पुन्हा माणसाच्या खांद्यावर येतात. ते श्रम वाचवण्यासाठीच तर श्टील यांनी करवत झाडापाशी नेली होती.