बाबासाहेबांचे आजारपण आणि चांगल्या डॉक्टरचा शोध

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम सुरू होतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत असत, हे आपल्या मुलामुलींना तोंडपाठ आहे. पण रात्र-रात्र वाचणारे ते शरीर किती वर्षे आजारी होते आणि त्या आजाराचे बाबासाहेबांनी काय केले, हे जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

आम्ही समाजकार्य करतो. वस्तीत फिरताना दीर्घ आजाराची माणसे आम्हाला रोज भेटतात. कुणाला मधुमेह आहे, तर कुणाला संधिवाताचा असा प्रकार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्यांचा प्रश्न एकच असतो : नेमके कोणत्या डॉक्टरकडे जावे? चळवळीतले कार्यकर्ते तर हा प्रश्नही विचारत नाहीत. दुखणे लपवतात आणि बाबासाहेबांनी कुठे शरीराची पर्वा केली, असे आम्हालाच ऐकवतात. बाबासाहेबांचे आयुष्य या बाजूनेही एकदा वाचायला हवे, असे आम्हाला त्यामुळेच वाटते.

आजारपण त्यांच्या घराला नवे नव्हते. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. रमाई स्वतः दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी गेल्या. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये जात कशी उभी राहते, हेही बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या टिपणात त्यांनी काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या विनवण्यांनंतर आला, पण त्याने थर्मामीटर स्वतः लावला नाही. तो आधी एका मुस्लिम माणसाच्या हातात, मग नवऱ्याच्या हातात आणि मग बाईकडे गेला. डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, पण बाई वाचली नाही. डॉक्टरकडे पदवी होती, निदानही होते. रुग्णाला हात लावण्याची माणुसकी तेवढी नव्हती.

चाळिशीच्या दशकात बाबासाहेबांचे स्वतःचे शरीर कुरकुरू लागले. मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि पायांच्या नसांचे असह्य दुखणे. मधुमेह वर्षानुवर्षे ताब्यात राहिला नाही की तो नसा, डोळे, मूत्रपिंडे असे एकेक अवयव धरत जातो. अशा आजारात आज पायाला मलम, उद्या झोपेची गोळी असे तुकड्यातुकड्यांचे उपचार पुरत नाहीत. सगळे शरीर एकत्र पाहणारा आणि वर्षानुवर्षे सोबत राहणारा डॉक्टर लागतो.

पण वेळ कुठे होता? १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते, मग ऑगस्ट १९४७ मध्ये कायदामंत्रिपद आणि २९ ऑगस्टला संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना. समितीत सात सदस्य होते, तरी मसुद्याचा भार शेवटी एकट्या बाबासाहेबांवर कसा पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेतच सांगितले आहे. ज्या महिन्यांत देशाचा कायदा लिहिला जात होता, त्याच महिन्यांत लिहिणाऱ्याच्या पायांच्या वेदना त्याला झोपू देत नव्हत्या.

याच काळात ते मुंबईचे नामांकित डॉक्टर माधवराव मालवणकर यांच्या उपचाराखाली आले. मालवणकरांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या डॉक्टरची आणि बाबासाहेबांची ओळख विलेपार्ल्याच्या डॉ. राव यांच्या घरी झाली होती. अडचण अंतराची होती. डॉक्टर मुंबईत, रुग्ण दिल्लीत. पथ्य, इन्सुलिन, औषधांच्या वेळा हे सगळे रोज कोण पाहणार? पुन्हा लग्न करायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. पण घरात परक्या परिचारिकेला ठेवले तर लोक संशय घेतील, ही अडचणही त्यांनी सहकाऱ्यांना पत्रातून मोकळेपणाने कळवली होती. अखेर १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने त्यांचा विवाह झाला. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या आणि आपल्या माईसाहेब झाल्या.

आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी आपले दुखणे लपवले नाही. मला मदत हवी आहे, हे आयुष्यभर इतरांना आधार देणाऱ्या या माणसाने सहकाऱ्यांना लेखी सांगितले. आणि डॉक्टर निवडताना जन्म पाहिला नाही. जातीचे चटके सोसलेल्या माणसाने सारस्वत ब्राह्मण घरातल्या डॉक्टरवर स्वतःचा जीव सोपवला. त्यांनी ज्ञान पाहिले आणि माणुसकी पाहिली. काठियावाडच्या त्या डॉक्टरकडे यातली दुसरी गोष्ट नव्हती.

उपचारांनी चमत्कार झाला नाही. दीर्घ आजारात तो होतही नाही. पण वर्षे मिळाली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागायला हवे. ते लागले नाही आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढची पाच वर्षे तब्येतीच्या चढउतारांतच 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ लिहून झाला. मधे एकदा तर डॉक्टरांनीही आशा जवळजवळ सोडली होती. ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे नमूद केले आणि त्यातून आपण वाचलो, ग्रंथ पूर्ण करू शकलो, याचे श्रेय पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले.

हे वाक्य आपण नीट वाचलेले नाही. ६ डिसेंबर १९५६ नंतर समाजातल्या अनेकांनी माईसाहेबांकडेच संशयाने पाहिले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी त्या कित्येक वर्षे चळवळीपासून दूर राहिल्या. दुःख मोठे होते, हे आम्ही समजू शकतो. पण मधुमेह शरीर आतून कसे पोखरतो हे समजून घेण्याऐवजी आपण दोषी शोधत बसलो. स्वतः रुग्णाने आपल्या डॉक्टरांबद्दल काय लिहून ठेवले होते, ते मात्र विचारात घेतले नाही. वस्तीत आजही हेच दिसते. महिनाभरात गुण आला नाही की डॉक्टर वाईट ठरतो आणि माणूस दुसऱ्या दारात जातो. कुठल्याच डॉक्टरकडे त्याच्या आजाराचा पूर्ण इतिहास राहत नाही.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी आजाऱ्यांविषयी बुद्धांना वाटणाऱ्या काळजीवर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही कथा आपल्याला माहीत आहे. विनयपिटकात तिच्यापुढे रुग्णाचेही कर्तव्य सांगितले आहे. आजार वाढतो आहे की उतरतो आहे ते खरे सांगावे, अपायकारक ते टाळावे, औषध घ्यावे. अडीच हजार वर्षांनंतर तज्ज्ञ डॉक्टरही याहून वेगळे काय मागतात?

म्हणून मित्रांनो, सांधे सकाळी तासभर आखडून राहत असतील, सूज आठवड्यानुआठवडे उतरत नसेल, तर वेदनाशामक गोळीवर वर्ष काढू नका. संधिवाताचे तज्ज्ञ वेगळे असतात. हाडांच्या डॉक्टरांपेक्षा त्यांचे काम निराळे आहे. आपल्या गावात नसतील तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन (औषधवैद्यकशास्त्र) विभागात दाखवा, तिथून पुढचा रस्ता कळतो. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. जो डॉक्टर तपासतो, ऐकतो, औषधाचे दुष्परिणाम समजावतो आणि लगेच बरे करण्याचे वचन देत नाही, त्याला धरून राहा. खर्च परवडत नसेल तर संघटनेला सांगा. त्यात कमीपणा नाही, बाबासाहेबांनीही मदत मागितली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला हातात काठी घेऊन उभे असलेले बाबासाहेब आठवा. तो दिवस त्यांना दिसला, त्यामागे त्यांची जिद्द होती आणि डॉक्टरांचे रोजचे कष्टही होते. यंदा जयंतीला अठरा तास अभ्यास जरूर करा. त्यासोबत वस्तीत एक दिवस साखर आणि रक्तदाब तपासणीचाही ठेवा.

जय भीम!