विश्लेषण : रक्तगट माहीत असूनही बिलात ‘क्रॉसमॅच’ का? त्यामागचे कार्ल लँडस्टायनर कोण होते?

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचे बिल हाती येते. त्यात ‘ब्लड ग्रुपिंग’ची एक ओळ असते आणि खाली ‘क्रॉसमॅच’ दोन-तीनदा लावलेले असते. रक्तगट तर वाहन परवान्यावरही छापलेला आहे, मग हे पैसे कशाचे, असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नात सापडते.

शवागारातली दहा वर्षे

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ मध्ये ऑस्ट्रियात झाला. वडील नामांकित पत्रकार, पण कार्ल सहा वर्षांचा असतानाच ते गेले; आईने एकटीने वाढवले. १८९१ मध्ये डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटण्याऐवजी ते रसायनशास्त्र शिकायला गेले. पुढे व्हिएन्नाच्या पॅथॉलॉजी संस्थेत दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली.

त्या काळी रक्त देणे हा जुगारच होता. एक रुग्ण तरतरीत होई, दुसरा काही तासांत दगावे. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, तांबड्या पेशी आणि सीरम वेगळे केले आणि प्रत्येकाच्या पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काही ठिकाणी काहीच झाले नाही, काही ठिकाणी पेशींच्या गुठळ्या झाल्या. निरोगी माणसांचे रक्तही एकमेकांशी वैर धरते, ही गोष्ट त्यांनी १९०० मध्ये चक्क एका तळटीपेत नोंदवली. १९०१ मध्ये ए, बी आणि सी हे गट मांडले. ‘सी’चा पुढे ‘ओ’ झाला; ‘एबी’ त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला.

बिलातली ती ओळ

१९०७ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. रूबेन ऑटेनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी ही तपासणी वापरायला सुरुवात केली. आजचे क्रॉसमॅच म्हणजे तेच: पिशवीतल्या दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे सीरम एकत्र करून पाहणे. दाता बदलला की तपासणी नवी, म्हणून पिशव्या तीन तर क्रॉसमॅचही तीन. गटही पुन्हा तपासतात, कारण कार्डावरची नोंद चुकलेली असू शकते आणि नळीवर भलत्याच रुग्णाचे नाव पडू शकते. रक्ताला मात्र किंमत लावता येत नाही. रक्तपेढी घेते ते प्रक्रिया शुल्क. बिल तपासताना किती पिशव्या जुळवल्या आणि किती चढवल्या, हे दोन्ही आकडे जरूर विचारावेत. शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवलेली पिशवी वापरली नाही, तरी तिची जुळवणी झालेली असते.

उशिरा आलेले नोबेल

पहिल्या महायुद्धाने व्हिएन्ना भुकेकंगाल झाले. लँडस्टायनर हेगला गेले आणि तिथल्या एका छोट्या रुग्णालयात रक्त-लघवीच्या रोजच्या तपासण्या करत राहिले. वयाच्या पन्नाशीनंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावले. नोबेल मिळाले १९३० मध्ये. १९४० मध्ये त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासह आरएच घटक जाहीर केला. रक्तगटापुढचे ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ तिथूनच आले. गर्भवतीच्या पहिल्या तपासण्यांत हे नोंदवतात, कारण आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळंतपणात धोका संभवतो. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते वारले.

आणि मुंबईचा गट

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक विलक्षण रक्तगट नोंदवला. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. फक्त पेशी तपासल्या तर असा रुग्ण ‘ओ’ भासतो. पण त्याचे सीरम ‘ओ’च्या पेशींच्याही गुठळ्या करते. त्याला साधे ‘ओ’ रक्त चढवले तर जिवावर बेतते. क्रॉसमॅच करताना मात्र ‘ओ’ची एकही पिशवी जुळत नाही आणि तंत्रज्ञ तिथेच थांबतो.